लाइनमन

आमच्या घरात लाइनमन या शब्दाचा अर्थ एकच होता, अण्णा. कृष्णाकाठी, भिलवडी भागात, वीज मंडळात त्यांनी एकतीस वर्षं काढली. कमरेला पट्टा, पट्ट्यात पकड आणि टेस्टर, सायकलच्या कॅरिअरला रबरी हातमोजे. पावसाळ्यात रात्री-अपरात्री दार वाजायचं. "अण्णा, डीपीवर जाळ झालाय." "अण्णा, मळ्यात एकच फेज येतीय." ते उठायचे, सबस्टेशनातून लाइन बंद करून घ्यायचे आणि खांबावर चढायचे. लाइट आली की सगळ्या गल्लीतून पोरांचा एकच कालवा उठायचा, "आलीऽऽ!" त्या कालव्यात खांबावरून उतरणाऱ्या माणसाचं नाव कधी ऐकू आलं नाही. नाव निघायचं ते लाइट गेल्यावर. "लाइनमन कुठं मेला?" हे मी दारात उभी राहून ऐकलेलं आहे, आणि तेव्हा अण्णा आत जेवणाच्या ताटावरून उठत होते.

२००८ साली मी नोकरीसाठी क्लीव्हलंडला आले. ओहायो राज्यातलं, ईरी सरोवराच्या काठचं हे जुनं पोलादाचं शहर. शेजारी एक आजोबा राहायचे, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. रविवारी दुपारी त्यांच्या घरी टीव्हीवर फुटबॉल लागायचा आणि ते मला हाक मारून बोलवायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. समालोचकाच्या बोलण्यात मध्येच 'ऑफेन्सिव्ह लाइनमन' असा शब्द आला आणि माझे कान टवकारले. इथे लाइनमन कुठून आला, असं मी विचारलं. आजोबांनी पडद्यावर बोट ठेवलं. म्हणाले, सगळे बॉलकडे बघतात, तू बॉल सोड. डावीकडच्या टोकाला तो ७३ नंबर आहे ना, फक्त त्याच्याकडे बघ.

तो ७३ नंबर म्हणजे जो थॉमस. पुढची नऊ वर्षं मी त्याच्याकडे बघत राहिले.

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचा चेंडूशी संबंध थोडाच. अकरा जण इकडे, अकरा जण तिकडे. मधला सेंटर ओणवा होऊन दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या गड्याच्या हातात देतो. याला स्नॅप म्हणतात. स्नॅप झाला की चार-पाच सेकंदांची झटापट होते, शिट्टी वाजते, सगळे पुन्हा रांगेत उभे राहतात. एका सामन्यात एका संघाच्या वाट्याला असे साठ-सत्तर स्नॅप येतात. सेंटरच्या दोन्ही बाजूंना दोन गार्ड आणि त्यांच्या पलीकडे दोन टॅकल, असे पाच लाइनमन. क्वार्टरबॅकने पुढे फेकलेला चेंडू यांनी झेलायचा नाही, असा नियमच आहे. यांनी गोल करायचे नाहीत, पळायचं नाही. समोरून येणाऱ्याला अडवून धरायचं, एवढंच काम.

त्यातही डावा टॅकल वेगळा. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक चेंडू फेकायला वळतो तेव्हा त्याची पाठ डावीकडे होते. तिकडून कोण येतंय हे त्याला दिसत नाही. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या जो थाइसमनला न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने खाली खेचलं, थाइसमनचा पाय मोडला, आणि तो पुन्हा कधी खेळला नाही. अशी दृश्यं बघितल्यावर डाव्या टॅकलचं मोल लोकांना कळत गेलं. पाठराखण हा शब्द आपण मराठीत फार सैलपणे वापरतो. सभेत कुणाच्या बाजूने दोन वाक्यं बोललं तरी पाठराखण होते. डावा टॅकल जी करतो ती खरीखुरी पाठराखण, दुसऱ्याच्या पाठीला डोळे नसतात म्हणून केलेली.

आणि त्याचा नंबर स्टेडियमला कधी ऐकू येतो? तो चुकला की. समोरच्याला अंगरख्याला धरून ओढलं तर पंच माइकवर जाहीर करतो, होल्डिंग, अमुक नंबर, दहा यार्ड मागे. काही चुकलं नाही तर तीन तास त्याचं नाव निघत नाही. पहिल्यांदा हे ध्यानात आलं तेव्हा मी आजोबांच्या सोफ्यावर बसल्या बसल्या भिलवडीच्या दारात जाऊन उभी राहिले.

थॉमसचा जन्म ४ डिसेंबर १९८४ चा, विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकीजवळच्या ब्रुकफील्डचा. साडेसहा फूट उंच. विस्कॉन्सिन विद्यापीठात फुटबॉलबरोबर तो गोळाफेकही करायचा. २००६ च्या जानेवारीत हंगामातल्या शेवटच्या सामन्यात संघाकडे माणसं कमी होती म्हणून तो पलीकडच्या, बचावाच्या बाजूने खेळायला उतरला आणि गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. व्यावसायिक संघात जायची वेळ आलेली असताना तो विद्यापीठात एक वर्ष आणखी थांबला, गुडघा बरा केला आणि त्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाइनमनला मिळणारी आउटलँड ट्रॉफी घेतली.

२८ एप्रिल २००७ ला न्यूयॉर्कमध्ये ड्राफ्ट होता, म्हणजे व्यावसायिक संघांनी नवी मुलं निवडायचा दिवस. आघाडीच्या मुलांना तिथे बोलावतात. नवा सूट घालून, आईवडिलांना घेऊन मुलं येतात, नाव पुकारलं की मंचावर जातात, टाळ्या होतात. थॉमस गेला नाही. तो वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात बोटीतून मासे धरायला गेला. क्लीव्हलंड ब्राउन्सने त्याला एकूण तिसऱ्या क्रमांकावर उचललं, ते त्याला बोटीवरच कळलं. ही गोष्ट मला आजोबांनी इतक्यांदा सांगितली की त्या बोटीत आपणही होतो असं मला वाटू लागलं आहे.

९ सप्टेंबर २००७ ला त्याचा पहिला सामना झाला, घरच्या मैदानावर पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्ध. ब्राउन्स ७-३४ असे हरले. त्या दिवशी ज्याची पाठ राखायला तो उभा होता त्या क्वार्टरबॅकला, चार्ली फ्रायला, संघाने दोनच दिवसांनी सिअॅटलला देऊन टाकलं. पुढे काय वाढून ठेवलं होतं त्याची ती चुणूक. थॉमसच्या कारकिर्दीत त्याच्या मागे एकूण वीस वेगवेगळे क्वार्टरबॅक सामन्याच्या सुरुवातीला उभे राहिले आणि सहा मुख्य प्रशिक्षक बदलले. तो पहिला हंगाम मात्र बरा गेला. दहा जिंकले, सहा हरले, तरी बाद फेरी हुकली. पुढच्या वर्षी मी आले तेव्हा सगळे म्हणत होते, या वर्षी नक्की. त्या वर्षी चार जिंकले. मग पाच, पाच, चार, पाच, चार.

२०१४ च्या सप्टेंबरमध्ये अण्णा आणि आई माझ्याकडे आले. अण्णा निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि रिकामं बसणं त्यांना अवघड जात होतं. घराबाहेर पडले की मान वर करून खांब बघायचे. इथल्या गल्ल्यांत अजून लाकडी खांब आहेत, त्याचं त्यांना फार अप्रूप. एकदा त्यांना सरोवराकाठी स्टेडियम दाखवायला नेलं. वर मोठ्या अक्षरांत 'फर्स्टएनर्जी स्टेडियम' असं लिहिलेलं. फर्स्टएनर्जी ही इथली वीज कंपनी, २०१३ पासून दहा वर्षं स्टेडियमवर तिचं नाव होतं. हे सांगितल्यावर अण्णा बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मंडळाचंच की."

१२ ऑक्टोबरला रविवारी स्टीलर्सविरुद्ध सामना होता. आजोबांकडे टीव्हीसमोर आम्ही तिघं बसलो. अण्णांना इंग्रजी येत नाही, आजोबांना मराठी येत नाही, नियम सांगण्याच्या भानगडीत मी पडले नाही. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. अण्णा मला म्हणाले, "अगं, तो कडेचा माणूस सारखा उलटा का चालतोय?"

त्यांना कुणी ७३ नंबर दाखवला नव्हता.

लाइनमनची ही चाल तीन सेकंदांत संपते, म्हणून ती नीट बघायला वेळ लागतो. स्नॅप होतो. थॉमस डावा पाय मागे टाकतो, उजवा त्याच्यामागे घसटत आणतो, पुन्हा डावा. पाय एकमेकांवर येऊ द्यायचे नाहीत, खांदे वळू द्यायचे नाहीत, बूड खाली, पाठ ताठ. समोरून शंभर-सव्वाशे किलोचा गडी पूर्ण वेगाने पुढे पळत येतोय आणि याने तेवढ्याच वेगाने उलटं जायचं, शिवाय मागे कुठे क्वार्टरबॅक उभा आहे हे न बघता ओळखायचं. मग नेमक्या क्षणी दोन्ही तळवे त्याच्या छातीवर बसवायचे. लवकर हात काढला तर तो हात झटकून निसटतो, उशीर झाला तर तो अंगावर येतो. थॉमसची ख्याती अशी की तो दर वेळी वेगळा यायचा. एकदा खोल मागे जाऊन गाठायचा, पुढच्या वेळी जागच्या जागी उडी मारून भिडायचा. समोरच्याला सवय लावून घ्यायची संधीच द्यायची नाही. एका मोजणीनुसार कारकिर्दीत त्याने ६,६८० वेळा क्वार्टरबॅकची अशी पाठ राखली आणि त्यांत त्याच्या हातून सुटलेल्या माणसाने क्वार्टरबॅकला आडवं केलं ते फक्त ३० वेळा.

हे आकडे मी अण्णांना नंतर सांगितले. त्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले होते, "खांबावरून उतरताना असंच असतं. खाली बघायचं नसतं. पायाला कळलं पाहिजे."

त्याच सामन्यात ब्राउन्सचा सेंटर अॅलेक्स मॅक याचा पाय मोडला. मॅक २००९ पासून संघात होता आणि तोपर्यंत त्यानेही एकसुद्धा स्नॅप चुकवला नव्हता. दुसऱ्या सत्रात ढिगाऱ्याखालून सगळे उठले, तो उठला नाही. गाडी आणून त्याला नेलं. आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. अण्णांनी मला विचारलं, "त्याच्या जागेवर कोण?" मला सांगता आलं नाही.

सामना ब्राउन्सने ३१-१० असा जिंकला. शहरात आनंदीआनंद. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते सात जिंकलेले, चार हरलेले असे होते. मग उरलेले पाचच्या पाच हरले. हरण्याला कारणं अनेक असतात, त्यांत क्वार्टरबॅकचे घोळही होते. पण मॅक गेल्यावर चेंडू घेऊन पळणाऱ्यांना वाट मिळेनाशी झाली, हे आकड्यांत स्वच्छ दिसत होतं. आजोबा मॅकचं नाव रोज घ्यायचे. खेळत होता तेव्हा मी ते त्यांच्या तोंडून फारसं ऐकलं नव्हतं.

थॉमस क्लीव्हलंडमध्येच का थांबला, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळायचा. २०११ मध्ये त्याने सात वर्षांचा, ८ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला होता. पैसा होता, भरपूर होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण जिंकणं दुसरीकडे होतं. पहिल्या दहाच्या दहा हंगामांत त्याची प्रो बोलसाठी, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंत, निवड झाली. असा माणूस कुणालाही हवा असतो. २०१५ मध्ये डेन्व्हरला त्याला देण्याची बोलणी अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत गेल्याच्या बातम्या होत्या. ती फिसकटली. तीन महिन्यांनी डेन्व्हरने सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला. थॉमस त्या वर्षी तीन जिंकून तेरा हरलेल्या संघात होता.

लोक म्हणाले, बिचारा. मलाही तेव्हा तसंच वाटलं. आता वाटत नाही. चौथं सत्र, संघ चोवीस गुणांनी मागे, पाऊस, अर्धी स्टेडियम रिकामी. अशा वेळी भले भले खेळाडू मनाने घरी पोचलेले असतात, प्रशिक्षकही मोठ्या खेळाडूला बाहेर बोलावून बसवतो, उगाच दुखापत नको म्हणून. थॉमस रांगेत असायचा. डावा पाय मागे, उजवा घसटत, डावा मागे. त्याचा क्वार्टरबॅक कोण आहे, नवा आहे की पुढच्या आठवड्यात जाणार आहे, यावरून त्याचं पाऊल एक वीतही इकडेतिकडे झालेलं मी बघितलं नाही. आजोबा म्हणायचे, आमच्या भट्टीवर असे दोघे-तिघे होते, पाळीला त्यांचा एकही खाडा नाही. खाडा हा शब्द अर्थातच माझा. त्यांनी सांगितलं ते मी मनात मराठीत लिहून घेतलं.

२०१६ च्या हंगामात ब्राउन्स पहिले चौदाच्या चौदा सामने हरले. २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, सॅन दिएगो चार्जर्स आले. ब्राउन्स २०-१७ असे पुढे आणि शेवटच्या सेकंदाला चार्जर्सची किक. ती गोलखांबांच्या बाहेरून गेली. मोठी धिप्पाड माणसं मैदानात लहान पोरांसारखी उड्या मारत होती. त्या वर्षातला तो एकमेव विजय, आणि थॉमसने मैदानात अनुभवलेला अखेरचा. तेव्हा कुणाला माहीत होतं?

२०१७ मध्ये सोळापैकी सोळा हरले. ६ जानेवारी २०१८ ला कडाक्याच्या थंडीत चाहत्यांनी स्टेडियमभोवती शून्याच्या आकारात मिरवणूक काढली आणि त्या निमित्ताने शहराच्या अन्नपेढीसाठी मदत गोळा केली. मी दोन डबे घेऊन गेले होते. थट्टा म्हणून काढलेली मिरवणूक होती खरी, पण माझ्या शेजारून चालणाऱ्या बाईंच्या अंगात ७३ नंबरचा जुना, धुऊन धुऊन विटलेला अंगरखा होता, कोटावरून चढवलेला. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

त्या सोळांतले शेवटचे नऊ सामने थॉमसशिवाय झाले. त्याचं सांगण्याआधी एक दुसरी गोष्ट सांगायला हवी. ती सोडून हे कौतुक लिहिलं तर ते खोटं होईल.

विस्कॉन्सिनमध्येच, टोमाहॉक नावाच्या गावी, माइक वेबस्टर जन्माला आला. बटाट्याच्या शेतावर वाढला, त्याच विद्यापीठात खेळला, १९७४ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर झाला. चार सुपर बोल. सतरा हंगामांत २४५ सामने. 'आयर्न माइक' म्हणायचे त्याला. लाइनमनला हात पसरून उघड्या तळव्यांनी अडवायची मोकळीक १९७८ च्या नियमाने मिळाली. त्याआधीच्या पद्धतीत तर डोकंच पुढे जायचं, आणि सेंटरचं डोकं तसंही प्रत्येक स्नॅपला समोरच्याच्या डोक्यावर आदळतं. निवृत्तीनंतर वेबस्टरला गोष्टी आठवेनाशा झाल्या, झोप उडाली, संसार विस्कटला, तो आपल्या पिकअप ट्रकमध्ये झोपू लागला. २४ सप्टेंबर २००२ ला पन्नासाव्या वर्षी तो गेला. पिट्सबर्गमध्ये शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू मूळचे नायजेरियाचे. त्यांनी त्याचा मेंदू तपासला आणि वर्षानुवर्षांच्या आघातांनी होणारा सीटीई हा विकार त्यात सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. व्यावसायिक फुटबॉलपटूच्या मेंदूत हा विकार पहिल्यांदा दाखवला गेला तो एका लाइनमनच्या. लाइनमनला आदळणारे धक्के एकेकटे फार मोठे नसतात. पडद्यावर दिसतही नाहीत. पण ते साठ-सत्तर असतात, दर रविवारी, शिवाय सरावात.

थॉमसला हे ठाऊक होतं. २०१७ मध्ये, बत्तीस वर्षांचा असताना, त्याने एका मुलाखतीत सरळ सांगितलं की आपल्याला विसरायला होऊ लागलं आहे, ते वयाने असेल किंवा खेळाने. सीटीईचं पक्कं निदान अजून तरी मृत्यूनंतरच होतं, त्यामुळे या माणसांना वाट बघण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. ती मुलाखत बघितल्यावर मी काही दिवस सामने बघितलेच नाहीत. गुडघा सुजलेला, घोटा मुरगळलेला असताना तो खेळत राहिला याचं आपण कौतुक करतो, त्यात आपलाही काही दोष आहे असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. अण्णांच्या उजव्या तळव्यावर भाजल्याची खूण आहे, रुपयाएवढी. लहानपणी मी ती अभिमानाने मैत्रिणींना दाखवायचे. आता ती बघवत नाही.

शरीराचा हिशेब आणखीही होता. वजन १४० किलोच्या आसपास टिकवायला त्याला दर दोन-तीन तासांनी खावं लागायचं, भूक असो नसो, झोपण्याआधीसुद्धा. खेळ थांबल्यावर त्याने थोड्याच महिन्यांत बावीस-तेवीस किलोंहून अधिक वजन उतरवलं. तो नवा फोटो आला तेव्हा आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला. इतका मोठा माणूस त्या कामासाठी वागवला होता, काम संपलं तसा उतरवून ठेवला.

२२ ऑक्टोबर २०१७. टेनेसी टायटन्स क्लीव्हलंडमध्ये. माझ्या ऑफिसातल्या कुणीतरी तिकीट दिलं होतं म्हणून मी स्टेडियममध्ये होते, सरोवराकडून वारा येत होता. तिसऱ्या सत्रात एक साधा, चेंडू घेऊन पळण्याचा डाव. शिट्टी वाजली, सगळे उठले आणि ७३ नंबर खाली, डावा हात उजव्या हाताने धरून. दंडामागचा स्नायू फाटला होता. दहा वर्षं तो खाली पडलेला दिसला नव्हता, त्यामुळे आधी लोकांना तो कोण आहे तेच कळलं नाही. मग कळलं. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये शेजारच्याचा श्वास ऐकू यावा इतकी शांतता झाली. तो स्वतःच्या पायांनी उठला आणि बाहेर चालत गेला, पुढे तोंड करून.

सप्टेंबर २००७ च्या पहिल्या स्नॅपपासून त्या क्षणापर्यंत संघाचा प्रत्येक डाव तो खेळला होता. १०,३६३ स्नॅप सलग. १९९९ पासून स्नॅपची मोजदाद ठेवली जाते, त्यात एवढी सलग हजेरी दुसऱ्या कुणाची नाही. १६७ सामने, त्यांतले ४८ जिंकलेले, ११९ हरलेले, बाद फेरीचा एकही नाही. तो सामनाही ब्राउन्स जादा वेळेत ९-१२ असे हरले. १४ मार्च २०१८ ला थॉमसने निवृत्ती जाहीर केली.

२०१८ मध्ये स्टेडियमच्या भिंतीवर त्याचा सन्मान झाला तेव्हा तिथे १०,३६३ हा आकडा लावला. पाच वर्षांनी, ५ ऑगस्ट २०२३ ला, क्लीव्हलंडपासून तासाभराच्या अंतरावर कॅन्टन गावी, पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात, गेला. वेबस्टरचा पुतळाही तिथेच आहे, १९९७ पासून. आजोबा तोवर राहिले नाहीत. कॅन्टनचा सोहळा मी त्यांच्या रिकाम्या घराच्या शेजारी, माझ्या घरात एकटीने बघितला आणि मला बोलायला कुणी नव्हतं.

पण भिंतीवरचा आकडा लागला तेव्हा ते होते. त्यांना घेऊन मी स्टेडियमवर गेले, आकड्याचा फोटो काढला आणि अण्णांना पाठवला. भिलवडीत रात्र झाली होती, तरी लगेच फोन आला. मी त्यांना सगळं सांगितलं. स्नॅप म्हणजे काय, सलग म्हणजे कसं, दहा वर्षांत एक खाडा नाही. ते ऐकून घेत होते. त्यांनी स्वतः किती वेळा खांब चढले, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. मी एकदा त्यांना अंदाज विचारला होता, तर "ते कशाला मोजायचं" म्हणाले होते.

"तो पडला त्याच्या पुढचा कुणी खेळला?" अण्णांनी विचारलं. "दहा हजार तीनशे चौसष्टावा?"

या वेळी मला नाव माहीत होतं. स्पेन्सर ड्रॅन्गो, मी सांगितलं.

"ड्रॅन्गो," अण्णा म्हणाले. मग फोन बाजूला धरून आईला सांगितलेलं ऐकू आलं, "ड्रॅन्गो म्हणून एक पोरगा आहे. त्याला उभं केलं तिथं."